फड, विहीर, कुंपण, वणवा: शिवारातल्या वन्यजीवांचं नुकसान कसं टाळायचं

कोल्हापूर जिल्ह्यात वन्यजीव म्हटलं की सगळ्यांना दाजीपूर आठवतं. संस्थानच्या काळातलं ते शिकारीचं राखीव रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं. १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण गवा, बिबट्या, कोल्हा, रानमांजर, साळिंदर यांचा वर्षातला बराच काळ या हद्दीबाहेर जातो: शाहूवाडी-पन्हाळ्याच्या ऊसपट्ट्यात, भुदरगड-आजऱ्याच्या काजूच्या रानात, गगनबावड्याच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवर. तिथे त्यांच्यामागे बंदूक घेऊन फारसं कुणी लागत नाही. पेटवलेला उसाचा फड, उघडी विहीर, तारेत सोडलेली वीज आणि मार्चमधला वणवा एवढं पुरतं. हे रोखायला अभयारण्याचं बजेट लागत नाही. शेतकरी, ऊसतोड टोळीचा मुकादम आणि ग्रामपंचायत यांनी वेळेवर केलेल्या साध्या गोष्टी लागतात, आणि त्यातली ‘वेळेवर’ हीच अवघड बाजू आहे. म्हणून खालचा क्रम हंगामाप्रमाणे ठेवला आहे: नोव्हेंबरच्या तोडणीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत.

तोडणी: कुठल्या बाजूने सुरू करायची

ऊस तोडणीला येतो तोवर वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, त्या फडात माणसाचं येणं-जाणं जवळपास बंद असतं. सावली, ओलावा, उंदीर आणि शांतता एकाच ठिकाणी मिळते. रानमांजर, कोल्हा, उदमांजर, मुंगूस, धामण, घोणस आणि काही भागात बिबट्याची मादी अशा सगळ्यांच्या दृष्टीने ते जंगलच असतं. मग एका सकाळी पंधरा-वीस कोयते येतात आणि दोन-तीन दिवसांत ते जंगल नाहीसं होतं.

प्राण्याला निसटायला वाट मिळते की नाही, हे तोडणीच्या दिशेवर ठरतं. सुरुवात रस्त्याच्या किंवा वस्तीच्या बाजूने करा आणि ओढा, डोंगर किंवा शेजारचा उभा ऊस ज्या बाजूला आहे तिकडे सरकत जा. गाडी-ट्रॉली रस्त्याकडूनच लागत असल्यामुळे बहुतेक टोळ्यांना हे सोयीचंच पडतं. घोटाळा होतो तो घाई असताना. दोन टोकांना दोन टोळ्या लावल्या की मधला पट्टा अरुंद होत जातो, आत अडकलेलं जनावर शेवटच्या दहा-बारा सऱ्यांत दबून बसतं आणि मग एकदम माणसाच्या अंगावर येतं. बिबट्याने मजुरावर झडप घातली अशी बातमी येते, तेव्हा फड कुठल्या बाजूने तोडत आणला होता हे आधी विचारावं. दोन टोळ्या लावायच्याच असतील तर दोन्ही एकाच बाजूने लावा.

तोडणीच्या आदल्या संध्याकाळी बांधावरून एक फेरी मारा. ओल्या सरीत ठसे, बांधालगत विष्ठा, कुत्र्यांचं एकाच दिशेला सतत भुंकणं यांवरून अंदाज येतो. सकाळी काम सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं कडेने बोलत, डबा वाजवत फिरायचं. फटाके नकोत. फटाक्याने जनावर बाहेर पडण्याऐवजी आणखी आत शिरतं. गावातली कुत्री त्या दिवशी बांधून ठेवा. शेवटच्या चार-पाच सऱ्या राहिल्या की अर्धा-पाऊण तास जेवणाची सुट्टी द्या. तेवढ्या वेळात बरीच जनावरं आपसूक ओढ्याकडे निघून जातात.

यंत्राने तोडणी असेल तर जास्त काळजी हवी. कोयत्याचा वेग जनावराला पळायला वेळ देतो, यंत्र देत नाही. यंत्राच्या पुढे वीस-पंचवीस पावलांवर दोन माणसं कडेकडेने चालू द्या आणि शेवटचा पट्टा रात्री तोडू नका.

मजुरांच्या खोप्या उभ्या उसाला चिकटून घालू नका, मध्ये निदान शंभर फूट मोकळं रान असू द्या. पहाटे लहान मुलं गाडीखाली झोपवून आई-बाप फडात जातात, त्यांच्याजवळ एक मोठं माणूस थांबलंच पाहिजे. यात वन्यजीवांचा काय संबंध, असं वाटेल. पण एखाद्या मुलावर हल्ला झाला की त्यानंतर महिनाभर त्या पट्ट्यातल्या प्रत्येक बिबट्यामागे लोक लागतात.

पिल्लं सापडली तर

दर हंगामात ‘बिबट्याची पिल्लं’ म्हणून जे फोटो फिरतात, त्यांतली बरीच रानमांजराची असतात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर काळे ठिपके दाट असतात, पंजे अंगाच्या मानाने मोठे आणि शेपूट लांब. रानमांजराचं पिल्लू पिवळट-करडं, पायांवर पुसट पट्टे, शेपूट आखूड आणि टोकाला काळं. तळहातावर मावणारं, तांबूस बारीक ठिपक्यांच्या रांगा असलेलं पिल्लू असेल तर ती वाघाटी. ती जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आसपास भरते.

ओळख पटो न पटो, करायचं एकच. त्या भागातली तोडणी थांबवा. पिल्लांना हात लावू नका आणि दूध तर अजिबात पाजू नका, गाई-म्हशीच्या दुधाने त्यांना हगवण लागते. आई जवळपासच दबून असते. तिने पिल्लं टाकलेली नसतात, ती माणसांच्या गर्दीमुळे येऊ शकत नसते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा थेट वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा. कर्मचारी आणि पशुवैद्य पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी, उघड्या तोंडाच्या क्रेटमध्ये ठेवतात. क्रेट यासाठी की पिल्लं भटकत नाहीत आणि आईला मात्र मानगुटीला धरून उचलता येतात. समोर ट्रॅप कॅमेरा लावून सगळे लांब जातात. मादी बहुतेक वेळा त्याच रात्री येते, कधी दुसरी-तिसरी रात्र लागते. तोवर त्या जागेभोवतीचा चार-पाच गुंठे ऊस उभा ठेवा. कारखान्याच्या पाळीचा प्रश्न येतोच. मुकादमाला दुसऱ्या फडात वळवणं हाच त्यावर उपाय.

बिघडतं ते गर्दीने. पिल्लं उचलून गावात आणली, पारावर ठेवली, पोरांनी हाताळली की मूळ जागा नेमकी कुठली हे दुपारपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पिल्लं दिसल्या दिसल्या जवळच्या बांधाला फडकं बांधून खूण करा.

फड पेटवणं आणि पाचट

तोडणीआधी फड पेटवायचा तो पाला काढायचे कष्ट वाचावेत आणि साप-विंचू जावेत म्हणून. आग शेजाऱ्याच्या उसात जाऊ नये म्हणून ती चारी बाजूंनी लावतात, आणि त्यामुळेच आतल्या जनावराला बाहेर पडायला वाट उरत नाही. साप बिळात उतरून वाचतो, मरतात ती पिल्लं, सरडे, मुंगसं आणि घरट्यातले पक्षी. म्हणजे ज्याच्यासाठी पेटवलं तो तसाच राहतो आणि उंदीर खाणारे जातात. शिवाय जळित ऊस लगेच गाळावा लागतो, उशीर झाला की साखर उतरते आणि वजनात कपात होते ती वेगळी.

तोडणीनंतर शेतात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळणं जास्त सर्रास चालतं. एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. ते न जाळता कुजवायची रीत अशी. आधी बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, वर राहिलेल्या कांडीवरचे फुटवे कमजोर येतात. पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत दाबून बसवा. त्यावर एकरी सुमारे ५० किलो युरिया, ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक शेणखतात मिसळून विस्कटा आणि मग पाणी द्या. युरिया टाळू नका. पाचट कुजवणारे जीव जमिनीतला नत्र स्वतःसाठी ओढतात आणि खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, पिवळा पडतो. तो पिवळा पडला की ‘पाचटानेच वाटोळं केलं’ म्हणून शेतकरी पुढच्या वर्षी काडी लावतो.

भारी, निचरा नसलेल्या जमिनीत सगळ्या सऱ्या भरल्या तर पाणी तुंबतं. तिथे एक सरी पाचटाची, एक पाण्याची असं सरीआड सरी करा. रस्त्याकडच्या बाजूला दहा फूट पट्टा पाचटाविना ठेवा, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या विडीने वाळलेलं पाचट भडकतं. कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, खोडव्याच्या शंका तिथे विचाराव्यात.

पाचटात उंदीर वाढतात ही तक्रार खरी आहे. विषाने ते मरतात, पण विष खाल्लेला सुस्त उंदीर गव्हाणी घुबड, धामण किंवा रानमांजर उचलतं आणि तेही जातं. मग पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट. विष टाकायचंच तर संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. आमिष तेवढ्याच बिळांत आत सारून तोंड बंद करायचं, बांधावर उघड्यावर पसरायचं नाही. मेलेले उंदीर रोज गोळा करून दोन फूट खोल पुरा. शेजारी भुईमूग-सोयाबीन असेल तर एकरी आठ-दहा पक्षीथांबे लावा, आठ-नऊ फूट उंचीच्या काठीला वर आडवी दांडी. रात्री घुबडं त्यावरूनच शिकार करतात.

विहिरी आणि शेततळी

सगळ्यांत स्वस्तात सगळ्यांत जास्त जीव इथे वाचतात आणि तरीही सगळ्यांत जास्त चालढकल इथेच होते. पडकी, बिनकठड्याची विहीर काठावरच्या गवताने आणि घाणेरीने झाकलेली असते. रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या किंवा बिचकलेला गवा थेट आत जातो.

कठडा जमिनीपासून किमान चार फूट हवा. दोन-अडीच फुटांचा कठडा म्हणजे धावत्या जनावरासाठी नुसता अडथळा, तो ओलांडूनच ते आत पडतं. बांधकाम परवडत नसेल तर लोखंडी किंवा सिमेंटचे खांब विहिरीच्या काठापासून तीन फूट मागे, सहा-सात फुटांवर एक असे रोवून चेनलिंक जाळी ताणा. खांब काठाला लागून रोवू नका, पावसाळ्यात काठ ढासळला की खांबासकट जाळी आत जाते. भोवतीचं पाच फूट झुडूप वर्षातून दोनदा साफ करा. वापरात नसलेल्या विहिरीवर लोखंडी चौकटीची जाळी टाका, पत्रा नको. पत्रा गंजतो आणि तो गंजलाय हे वरून दिसत नाही.

एवढं करूनही काही ना काही पडतंच. म्हणून आत बाहेर येण्याची सोय कायम ठेवा. दोन भक्कम बांबूंची शिडी करा, पायऱ्या नऊ-दहा इंचांवर आणि काथ्याने घट्ट बांधलेल्या. खालचं टोक मे महिन्यातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत गेलं पाहिजे. दिवाळीतलं पाणी बघून लावलेली शिडी उन्हाळ्यात अधांतरी लोंबते. साप, बेडूक, मुंगूस यांच्यासाठी शेजारी काथ्याचा जाड दोर गाठी मारून सोडा.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं विहिरीपेक्षा वाईट. उतार सोपा दिसतो म्हणून जनावर पाण्याला उतरतं आणि ५०० मायक्रॉनच्या गुळगुळीत कागदावर त्याचा पाय ठरत नाही. नखं असलेलं जनावर कागद फाडतं, म्हणजे तळंही गेलं. चारी कोपऱ्यांत सहा फूट रुंदीची काथ्याची जाळी बांधावरच्या खुंटापासून तळापर्यंत सोडा आणि खालच्या टोकाला वाळूची पोती बांधा. जुने टायर दोराने एकमेकांना बांधून सोडले तरी चालतं, फक्त टायरमधली तार बाहेर आलेली नको.

बिबट्या विहिरीत पडलेला दिसला तर सर्वांत आधी मोटारीचा मेन स्विच बंद करा. मग चारी कोपऱ्यांना दोर बांधलेली बाज पाण्यापर्यंत सोडा. पोहून दमलेलं जनावर त्यावर चढून बसतं आणि मदत येईपर्यंत तग धरतं. दोर बांधून ओढायचा प्रयत्न करू नका. गवा पडला असेल तर बाजेचा उपयोग नाही, वनविभाग बहुधा यंत्राने एका बाजूने उतार खोदून त्याला वाट करून देतो. त्या बाजूला माणसं असतील तर तो त्यांच्यातूनच जाणार. लोकांना हटवणं हेच त्या दिवसाचं निम्मं काम असतं.

कुंपण

मेन लाइनवरून तारेत सोडलेली २३० व्होल्टची वीज डुकरासाठी असते आणि मरतं ते गवा, बिबट्या, शेजाऱ्याची म्हैस किंवा रात्री पाणी पाजायला गेलेला माणूस. गवा आणि बिबट्या दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, शिकारीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. अशी तार दिसली तर हात न लावता महावितरणला १९१२ वर कळवा.

सौर झटका कुंपण हा वेगळा प्रकार. त्यात दाब काही हजार व्होल्टचा, पण झटका क्षणाच्याही छोट्या भागापुरता, साधारण सेकंदाला एकदा. मधल्या वेळात जनावराला मागे हटता येतं, म्हणून ते मरत नाही. मशीन बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकाचंच घ्या. बाजारात घरगुती जोडणी करून विकलेली मशीन मिळतात, ती घातक ठरू शकतात. गव्यासाठी तीन तारा: दीड, तीन आणि साडेचार फुटांवर. खांब पंधरा-वीस फुटांवर.

बंद पडण्याची कारणं ठरलेली. पहिलं अर्थिंग: सहा ते आठ फूट लांबीचे तीन जीआय रॉड दहा-दहा फुटांवर, मीठ-कोळशात. जांभ्या जमिनीत मार्चनंतर माती इतकी सुकते की झटका लागतच नाही, रॉडच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. दुसरं गवत: खालच्या तारेला चिकटलेलं ओलं गवत सगळा झटका जमिनीत उतरवतं, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी कापणी हवीच. लांबच्या टोकाला टेस्टर लावून पाच हजार व्होल्टच्या खाली आकडा गेला की शोध सुरू करा. एकदा झटक्याविना तार ओलांडलेला गवा पुन्हा तिला घाबरत नाही. आणि ओढ्याची बाजू कुंपणाने बंद करू नका. अभयारण्यालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून कुंपणाला अनुदान आहे, निकष वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

गवा वस्तीत आलाच तर त्याला परतीची एक बाजू पूर्ण मोकळी द्या आणि निदान शंभर मीटर लांब राहा. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा तासन्‌तास पळवला गेला आणि पकडल्यानंतर मेला. एवढं अवजड जनावर धावपळीने तापतं, त्याचे स्नायू आणि हृदय तो ताण सहन करत नाही. आजरा-चंदगडकडे हत्तीचं गणित वेगळं. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती या बाजूला उतरले. केळी, फणस, ऊस जिथे आहे तिथे ते येणार. रात्री जमिनीवरच्या झोपडीत राखणीला झोपू नका, हत्तीमागे टॉर्च घेऊन जाऊ नका.

पीक गेलं तर भरपाईसाठी वनविभागाकडे तीन दिवसांच्या आत अर्ज करा, पंचनाम्याआधी रान आवरू नका. फोटोत मोडलेलं पीक आणि ठसा दोन्ही येऊ द्या. सातबारा आणि पासबुकाची प्रत जोडा. गाय-शेळी मारली गेली असेल तर ४८ तासांत कळवा आणि मढं जागचं हलवू नका. त्या मढ्यावर विष टाकणं हा सूड नव्हे, गुन्हा आहे, आणि त्यात कोल्ह्यापासून घारीपर्यंत सगळे मरतात.

वणवा आणि राब

‘जाळलं की गवत जोमात येतं’ हा समज डोंगरपट्ट्यात पक्का बसलेला आहे. पहिल्या पावसानंतर काळ्या उतारावर हिरवळ उठून दिसते एवढंच. दरवर्षी जाळलेल्या उतारावर माती उघडी पडते, चांगल्या गवताचं बी जळतं आणि मोकळ्या जागी रानमोडी हे तण शिरतं. रानमोडी गवा खात नाही, गुरंही खात नाहीत. वर चारा संपला की गवा खाली मक्याला आणि उसाला येतो. गव्याच्या त्रासाची तक्रार आणि मार्चमधली काडी यांचा संबंध असा सरळ आहे. टिटवी, चंडोल, रातवा हे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी याच दिवसांत बसलेले असतात, ते वेगळंच.

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. गावाच्या जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेले पट्टे, त्याआधी झाल्या पाहिजेत. खाजगी डोंगराच्या कडेला दहा ते बारा फुटांचा पट्टा जानेवारीत कापून घ्या, गवत ओलसर असतानाच. कापलेलं गवत तिथेच टाकलं तर ती जाळरेषा नव्हे, वात आहे.

राब (भाताच्या रोपांची जागा पाला-फांद्या पेटवून भाजणं) भाजायचाच असेल तर सकाळी आठच्या आत, वारा पडलेला असताना. भोवती दहा फूट झाडून घ्या, पाठीवरचे दोन फवारणी पंप पाण्याने भरून ठेवा आणि राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नका. दुपारी डोंगराच्या उतारावरून वारा वर चढतो, त्याच वेळी सुटलेली आग माथ्यापर्यंत जाते. राबासाठी ऐन-किंजळची झाडं बोडकी करण्याऐवजी गादीवाफा करून बघा: एक मीटर रुंद, दहा मीटर लांब, दहा सेंटिमीटर उंच. तण ही खरी अडचण. त्यासाठी वळवाच्या पावसाने तण उगवू द्या, उपटा आणि मगच बी टाका.

आग लागलीच तर समोरून जाऊ नका. बाजूने, जळून गेलेल्या भागात उभं राहून ओल्या फांद्यांनी झोडपत पुढे सरका.

चांगल्या हेतूने होणारी नासधूस

सड्यावर झाडं लावू नका. पन्हाळ्याजवळचं मसाईचं पठार उजाड दिसतं, पण तिथला पातळ मातीचा थर, पावसाळ्यातली डबकी आणि जांभ्याच्या फटी हाच अधिवास आहे. खड्डे खणले की तो मोडतो आणि झाडं बहुधा जगतही नाहीत. सड्यावरचे सुटे दगड उचलून ढीग रचू नका, खाली पाली, विंचू, बेडूक असतात. गाडी सड्यावर चढवू नका.

पाणवठा बांधायचा तर रस्त्यापासून आणि शेतापासून लांब, वनविभागाला विचारून. गावाशेजारी बांधलेला पाणवठा गव्याला गावाची वाट दाखवतो. एप्रिलपर्यंत पाणी भरून मग बंद केलं तर तो न बांधलेला बरा. घाटातल्या माकडांना काही देऊ नका. हॉटेलचं उरलेलं अन्न उघड्यावर टाकलं की मोकाट कुत्री वाढतात, ती भेकराच्या पिल्लांमागे लागतात आणि रोगही पसरवतात.

उन्हाळ्यातली नदी

पंचगंगेत मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेताना दिसले तर पाण्यातला ऑक्सिजन संपत आला आहे. तो पहाटे सर्वांत कमी असतो, दुपारी मोजला तर आकडा फसवा येतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला त्याच तासाला कळवा, कारण बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्यातला ऑक्सिजन बदलतो. वेळ-जागेसह फोटो काढा, सांडपाण्याचा नाला मिळतो त्याच्या वरचं आणि खालचं पाणी वेगवेगळं दाखवा. ते मासे कुणी विकायला नेत असेल तर अडवा.

जूनमधले रस्ते

पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री गगनबावडा, आंबा, दाजीपूर आणि आंबोलीकडच्या रस्त्यांवर बेडूक, खेकडे, साप, गोगलगायी एकदम बाहेर पडतात. त्या आठवड्यात रात्रीचा प्रवास टाळता आला तर उत्तम. नाहीतर ४० च्या आत वेग आणि पुढच्या वळणावर डिपर.

नोंद ठेवायची असेल तर पाच किलोमीटरचा एकच पट्टा निवडा आणि वर्षभर तोच ठेवा. पहाटे उजाडताना दुचाकीवरून २० च्या वेगाने जा, उशीर झाला की कावळे आणि कुत्री पुरावा उचलून नेतात. प्रत्येक मेलेल्या जनावराची तारीख, वेळ, किलोमीटर दगड, जात, फोटो आणि दोन्ही बाजूंना काय आहे (ओढा, ऊस, जंगल, हॉटेल) एवढं लिहा. काहीच न सापडलेली फेरीसुद्धा लिहायची. नाहीतर एका फेरीला सरासरी किती जनावरं मरतात हा हिशेबच निघत नाही आणि दोन महिन्यांची तुलना खोटी ठरते. घरटं किंवा गुहेची अचूक जागा समाजमाध्यमावर टाकू नका.

वर्षभराच्या नोंदीत दोन-तीन जागा पुन्हापुन्हा दिसतात, बहुतेक ओढ्याच्या मोरीजवळ, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेजवळ. त्या जागांची यादी किलोमीटर दगडासह बांधकाम विभाग आणि वनपरिक्षेत्र अधिकारी दोघांना एकाच अर्जात द्या. मागणी नेमकी लिहा: अमुक दगडाजवळ गतिरोधक पट्ट्या, अमुक मोरीतला गाळ मेअखेर काढणे. मोरी मोकळी असली की बरीच लहान जनावरं रस्त्यावर न चढता खालून जातात.